पावत्यांचा डबा

कोल्हापुरात कुणाशीही जातीपातीचा विषय काढा, पुढच्या दोन वाक्यांत शाहू महाराज येतातच. यायलाच हवेत म्हणा. 26 जुलै 1902 ला निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवणारा राजा ज्या गावाला लाभला, त्यानं थोडी कॉलर ताठ केली तर बिघडलं कुठं? माझी तक्रार वेगळी आहे. महाराजांचं नाव घेतलं की आपल्या वाट्याचं काम उरकलं, असं आम्हाला वाटायला लागलंय. ‘आमच्यात नसतं हो तसलं काही, ही शाहूंची नगरी आहे,’ हे वाक्य मी भाड्याच्या खोलीची चौकशी करताना ऐकलंय. त्याच माणसानं पुढच्या दमात ‘आडनाव काय म्हणालात?’ असं विचारलेलंही ऐकलंय.

गंगाराम कांबळ्यांच्या चहाचंही तसंच. शिक्षिका म्हणून ही गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलेय. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून गंगारामांना मार बसला. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली, तिथं गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. गोष्ट खरी आणि मोठीच. पण ती आम्ही कायम महाराजांच्या बाजूनं सांगतो. नाइलाजानं तो चहा पिणारी मंडळी घरी जाऊन काय म्हणाली असतील? दारातच चूळ भरली असेल का? महाराज बरोबर नसताना त्यांतला एक तरी परत त्या हॉटेलाची पायरी चढला असेल का? जयंतीच्या भाषणांत हे प्रश्न कुणी काढत नाही. मला मात्र पुढची गोष्ट तिथंच सुरू होते असं वाटतं.

महाराजांना स्वतःला याची चांगलीच कल्पना असावी. सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा प्रयोग त्यांनी आधी करून पाहिला होता. तिथं बहुजनांची पोरं टिकेनात. मग 1901 पासून एकेका समाजाचं वेगळं बोर्डिंग उभं राहत गेलं. त्याच वर्षी मराठा आणि जैन, 1906 ला मुस्लिम, 1907 ला लिंगायत, 1908 ला अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आज दसरा चौकात नुसता फेरफटका मारला तरी यांतल्या काही पाट्या दिसतात. जातवार बोर्डिंग म्हणून कुणी नाक मुरडलं की मला राग येतो. सगळी पोरं एका पंगतीला बसेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर ती तिकडं गावात गुरंच राखत राहिली असती. आधी शिकू दे, जेवणाचं पुढं बघू, असा तो रोकडा हिशेब होता. फक्त ते ‘पुढं बघू’ आमच्या वाट्याला आलं, आणि आम्ही ते आणखी पुढं ढकललं.

तर आमचं एक मंडळ आहे, पुस्तक वाचून त्यावर बोलणाऱ्यांचं. कोल्हापुरात मंडळ म्हटलं की लोकांना रस्सा मंडळच आठवतं, म्हणजे आठ-दहा टाळकी, एक पातेलं आणि पहाटेपर्यंत गप्पा. आमच्याकडं रस्सा नाही. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, काकू जैन, त्या सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेत नाहीत आणि कांदा कधीच नाही. त्यामुळं रविवारी दुपारी जमायचं, बिनकांद्याचे पोहे खायचे आणि चहा प्यायचा. बिनकांद्याच्या पोह्यांवर आमच्यातल्या मुसलमान चाचींचं मत फार कडक आहे, ते इथं लिहीत नाही. पुस्तक बहुतेक वेळा करवीर नगर वाचन मंदिरातून येतं. 1850 पासूनचं वाचनालय आहे ते. प्रत एक आणि वाचणारे अनेक, त्यामुळं दंडही ठरलेला.

नियम एकच: आधी पुस्तकातलं बोलायचं, मग आपलं. हा नियम कुणी फार विचार करून केलेला नाही. सुरुवातीला एक-दोनदा आपलंच बोलणं आधी झालं, भांडणं झाली, म्हणून पडला. पण तो लागू पडला खरा. ‘तुमच्या लोकांत असं का असतं?’ हा प्रश्न समोरासमोर विचारला की त्याला आरोपाचा किंवा कीव केल्याचा वास येतो. तोच प्रश्न पुस्तकातल्या माणसाबद्दल विचारला की दोघंही त्याच्यावर तावातावानं बोलतात, आणि बोलता बोलता कधी स्वतःवर घसरले ते त्यांनाही कळत नाही.

आमचे हवालदार असेच घसरले. पोलिसातून निवृत्त झालेले, पन्हाळ्याकडचे. सुनेला मोटारसायकलवरून सोडायला यायचे आणि व्हरांड्यात पेपर वाचत बसायचे. आम्ही ‘उपरा’ वाचायला घेतलं होतं. लक्ष्मण माने यांचं हे आत्मकथन 1980 चं, साहित्य अकादमी मिळालेलं. कैकाडी कुटुंबाची भटकंती, गाढवांवर लादलेला संसार, टोपल्या-कणग्या विणणं, गावोगावची हाडहूड. त्याच्यावरून विषय लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’कडं गेला, म्हणजे जन्मानंच चोर ठरवल्या गेलेल्या जमातीतल्या माणसाच्या आत्मकथनाकडं, आणि आमच्यातलाच एक जण म्हणाला, की आज एवढं काही राहिलेलं नाही, लेखक लोक जरा वाढवूनच लिहितात. त्यावर व्हरांड्यातून आवाज आला, ‘वाढवून न्हाई. कमीच लिवलंय.’

मग ते पेपर घडी करून आत आले. ‘चोरी झाली की साहेब पयलं म्हणायचा, पालावर जाऊन या. आमी जायचो. का जायचं, ह्ये इचारायचं अस्तंय ह्येच म्हाईत न्हवतं. गावातल्या पाटलाच्या पोराला कुणी उठीवलंय का कवा?’

ही सवय कुठून आली, ते नंतर आम्ही वाचून काढलं. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. जमात एकदा नोंदवली, की तिच्यात जन्मलेलं पोर पाळण्यातच संशयित. चौकीवर हजेरी, हद्द ओलांडायची तर पास. सोलापूरला तर माणसं तारेच्या कुंपणाआड वसवली होती. देश सुटला 1947 ला, हा कायदा गेला 1952 ला. 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळंच. कोल्हापूर संस्थानात महाराजांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी 1918 सालीच बंद केली होती. फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याच्या कामावर ठेवलं, म्हणजे ज्यांच्यापासून राखण करायची असं जग म्हणत होतं त्यांनाच राखणीला बसवलं. हवालदार भरती झाले त्याच्या साठेक वर्षांनंतर. कायद्याच्या पुस्तकातून गेलेली हजेरी साहेबाच्या तोंडात शाबूत होती.

हे ऐकून हवालदार म्हणाले, ‘च्यायला, म्हंजे आमी इंग्रजाचीच डूटी करत हुतो.’ आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

पुढं आमच्यात एक वकील मुलगी यायला लागली. विमुक्त समाजातली, जमात सांगत बसत नाही, कारण तिलाच सगळीकडं ती आधी सांगायचा वीट आलाय. वडील इचलकरंजीला मागावर कामाला होते. ती सुरुवातीला फार बोलत नसे. ‘उचल्या’वर बोलणं चाललं होतं, पोलिसांच्या धाडीचा विषय होता, तेव्हा तिनं त्यांच्या घरातल्या डब्याबद्दल सांगितलं.

बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. त्यात घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची पावती. कुकरची, टेबलफॅनची, ट्रान्झिस्टरची, शिलाई मशीनच्या हप्त्यांची, आईच्या डोरल्याची सराफानं दिलेली चिठ्ठी. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून वडील त्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचे आणि दिवाळीच्या साफसफाईत एकेक उलगडून बघायचे, शाई उडाली असेल तर दुकानदाराकडं जाऊन पुन्हा शिक्का मारून आणायचे. एकदा एका दुकानदारानं विचारलं, गॅरंटी संपली की हो कधीच, आता शिक्का कशाला? सायकल भंगारात गेली, तिची पावती अजून आहे. मुलीला वकिलीची सनद मिळाली, तिची झेरॉक्सही वडिलांनी त्याच डब्यात ठेवली.

काकू पटकन म्हणून गेल्या, ‘आमच्याकडं पण ठेवतात पावत्या, इन्कम टॅक्ससाठी.’ म्हणाल्या आणि स्वतःच गप्प झाल्या. गुजरीतल्या पेढीवर बसणाऱ्या घरातली बाई ती. कागद सांभाळायची सवय दोन्ही घरांत सारखीच. एका घरी आपलं किती आहे ते कळू नये म्हणून, दुसऱ्या घरी आपलंच आहे ते पटावं म्हणून. (काकूंनी हे वाचलं तर पहिल्या भागावर त्या मला बोलणार आहेत.)

मुलीनं हवालदारांकडं वळून विचारलं, ‘काका, पावती दाखवली की सोडायचे का हो?’

हवालदारांनी चहाचा कप बशीत ठेवला, परत उचलला. ‘साहेबावर आसायचं,’ म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, ‘पावती आसली की उलट जास्त इचारायचो. सरळ माणूस पावती कशाला जपून ठेवील, म्हणून.’

पुस्तकं वाचून माणसाचं मन मोठं होतं वगैरे जे म्हणतात, त्याच्यावर माझा फार विश्वास नाही. भरपूर वाचलेली आणि तरीही मोलकरणीचा कप वेगळा ठेवणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. पुस्तक एक गोष्ट मात्र हमखास करतं, ते तपशील पुरवतं. ‘ते लोक असेच’ या वाक्यात कुठलंच घर नसतं, कुठलाच डबा नसतो. त्यात एखादी सायकल आली, तिची पावती आली, शिक्का मारून आणायला बाजारात गेलेला बाप आला, की ते वाक्य पूर्वीसारखं तोंडात बसत नाही. बोलण्याचं काम त्याच्या पुढचं. पुस्तकातल्या लेखकाला हवालदार ‘पावती दाखवली तर?’ असं विचारू शकत नाहीत, आणि लेखकही त्यांना उलट विचारू शकत नाही. समोर बसलेली पोरगी विचारते.

मात्र आपुलकी दाखवली की झालं, अशी सोपी वाट काढणाऱ्यांना चाचींनी एकदा चांगलंच झापलं. 2023 च्या जूनमध्ये समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून गावात वातावरण तापलं. 7 तारखेला बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. त्यानंतर आम्ही बसलो तेव्हा चाची येतील की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. त्या आल्या. आम्ही सगळे एकदम उठलो, कुणी खुर्ची दिली, कुणी पंखा त्यांच्याकडं वळवला. बसायच्या आतच त्या म्हणाल्या, ‘आज कुणी माझ्याशी जपून बोलू नका बाई. त्याचाच लई कंटाळा आलाय.’

आणि मग सुरूच झाल्या. ‘ईदला तुम्ही सगळे येता. शिरखुर्मा खाता, फोटो काढता, वाटी हातात धरून. माझ्या पोरीनं एम.एस्सी.ला कुठला विषय घेतलाय, विचारलंय का कुणी? तिच्या लग्नाचं विचारता. बुरखा घालते का विचारता. विषय न्हाई विचारला.’

कुणाकडंच उत्तर नव्हतं. आमच्या सलोख्याची उदाहरणं आम्हाला तोंडपाठ असतात. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती, मोहरमात तालमींमध्ये बसणारे पंजे, कुरुंदवाडला मशिदींत बसणारे गणपती, दरबारी गायक अल्लादियाखाँसाहेब. सगळं खरं, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण या यादीचा उपयोग आम्ही दाखल्यासारखा करतो. ती वाचून दाखवली की शेजारणीच्या मुलीचा विषय विचारायची गरज उरत नाही. विषय सांख्यिकी होता. दंगलीच्या बातम्यांत ‘परिसरातील सर्व’, ‘काही समाजकंटक’ असे शब्द वाचून ती म्हणते म्हणे, सँपल किती घेतलं होतं? चाचींनी हे सांगितलं तेव्हा आम्ही त्या आठवड्यात पहिल्यांदा मोकळं हसलो.

इथपर्यंत वाचून आमच्या मंडळात सगळं गोडीगुलाबीनं चाललंय असं कुणाला वाटलं असेल, तर आता खोलीची गोष्ट सांगते.

वकील मुलीला कोर्टाच्या कामासाठी कोल्हापुरात राहायला खोली हवी होती. आमच्यातल्या एकांच्या घरी वरचा मजला रिकामा होता. दलित साहित्यावर आमच्यात सगळ्यात चांगलं तेच बोलायचे, वाक्यं पाठ असायची त्यांची. ‘घरात विचारून सांगतो,’ म्हणाले. ते सांगणं अजून यायचं आहे. मजला मे महिन्यात दुसऱ्या कुणाला तरी गेला. हल्ली ते येत नाहीत, गुडघे दुखतात म्हणे. मला त्यांचा राग येण्यापेक्षा त्यांच्या ‘घरात’ या शब्दाचं कुतूहल वाटतं. पुस्तकं माणूस वाचतो, खोली घर देतं. आणि आमच्या मंडळात एकेकटी माणसं येतात, घरं येत नाहीत.

शेवटी फुलेवाडीकडं एक जागा सापडली, पण मालक आडनावाशी अडखळला. हे कळल्यावर हवालदार आपणहून उठले. ‘मी येतो. त्येला सांगतो, पोरगी माझ्या वळखीची हाय. मी पोलिसातला म्हटल्यावर गप देतोय का न्हाई बघ.’ त्यांच्या दृष्टीनं याहून मोठी मदत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही ती फार छान कल्पना वाटली.

मुलगी म्हणाली, ‘नको काका.’

‘का नको?’

‘माझ्या आजोबांना गाव सोडायला पोलिसाचा पास लागायचा. मला गावात राहायला पोलिसाची ओळख नको.’

हवालदारांचं तोंड पडलं. चांगलं करायला गेलेल्या माणसाला जेव्हा चपराक बसते, तेव्हा ती वाईट करणाऱ्यापेक्षा जास्त लागते. ते काही न बोलता चपला घालून निघून गेले, सून मागं राहिली, तिला मग रिक्षानं जावं लागलं. मुलीनं बरोबर केलं की चूक, यावर आमच्यात दोन तट पडले. चाची तिच्या बाजूनं, काकू हवालदारांच्या. काकूंचं म्हणणं, अहो माणूस बदललाय, त्याला बदलू तर द्या. चाचींचं म्हणणं, बदललाय ना, मग त्याला कळंल. मी दोन्हीकडं मान हलवली, शिक्षकांना ती सवय असते. आज विचाराल तर मी मुलीच्या बाजूनं आहे. मदत घेणाऱ्याला नाही म्हणायची मुभा नसेल तर ती मदत कसली?

खोली तिला मिळाली ती तिच्या एका अशिलाच्या ओळखीनं, शाहूपुरीत, पाणी एक दिवसाआड येणारी. त्यात पुस्तकांचाही हात नाही आणि आमचाही.

हवालदार बरेच रविवार आले नाहीत. सुनेला विचारलं की ‘घरी काहीतरी लिहीत बसतात’ एवढंच सांगायची. आले ते शंभर पानी वही घेऊन. आल्या आल्या म्हणाले, ‘समद्यांच्याबद्दल वाचता. पोलिसाबद्दल लोकास्नी काय वाटतंय ते कवा वाचनार? आमाला बी लोक जातीवरनंच वळखत्यात. खाकी ही एक जातच की.’ मुलगी म्हणाली, ‘वाचा मग.’

त्यांनी वाचलं. सगळं पंचनाम्याच्या भाषेत. ‘सदर दिवशी रात्रौ अडीचचे सुमारास सदर वस्तीवर जाऊन एका इसमास ताब्यात घेतले. सदर इसमाने पावत्या सादर केल्या.’ आम्हाला हसू आवरेना. मुलगी हसली नाही. तिनं वही मागून घेतली, पेन्सिलनं ‘इसम’ या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, ‘याचं नाव काय होतं?’

‘नाव हाय ध्येनात.’

‘मग लिहा.’

‘ल्हिनार न्हवतो. त्येची पोरंबाळं आस्तील. उद्या कुनी वाचलं तर म्हणतील, बाप चौकीत गेलता.’

यावर पोहे थंड होईपर्यंत वाद झाला. काकू म्हणाल्या, नाव लिहिलंच पाहिजे, तो निर्दोष सुटला हेही लिहा. चाची म्हणाल्या, नाव लिहिलं की लोक निर्दोष सुटलेलं विसरतात आणि चौकी लक्षात ठेवतात. मुलगी आधी ‘लिहा’ म्हणत होती, चाचींचं ऐकून अडली. मग म्हणाली, त्या माणसाच्या मुलांना शोधून विचारायला पाहिजे. हवालदार म्हणाले, त्यांना शोधायला खाकीतला म्हातारा दारात उभा राहिला तर ती पोरं मागच्या दारानं पळतील. आणि हे त्यांनी इतक्या सरळपणानं सांगितलं, की कुणी हसलं नाही.

तर आता असं ठरलंय, की शोधायला मुलगी जाणार, एकटी, काळा कोट न घालता. तोपर्यंत वहीत त्या जागी पेन्सिलीची रेघ. आणि पुढच्या रविवारी दुसरं प्रकरण. हवालदारांची अट आहे की पोह्यात कांदा पाहिजे, काकूंचे वेगळे करा.